प्रकाशाच्या इशाऱ्यावर हलणारे दोन जलरोबो

हार्वर्ड विद्यापीठातील किट पार्कर यांच्या गटाने २०१६ मध्ये पाकट माशाच्या घाटाचा, सुमारे १६ मिलिमीटर लांबीचा रोबो घडवला. त्याच्या लवचिक अंगावर उंदराच्या हृदयस्नायूंच्या सुमारे दोन लाख पेशी असून, जनुकीय बदलामुळे त्या निळ्या प्रकाशाने आकुंचन पावतात आणि पंखासारख्या परांवरून लाट मागे सरकत जाते. खाली वळलेला पर पुन्हा वर आणण्याचे काम मात्र सोन्याचा सांगाडा स्प्रिंगसारखे करतो. डाव्या-उजव्या बाजूंवरील प्रकाशस्पंदनांची गती वेगळी ठेवली की तो वळतो, आणि हे नियंत्रण खरोखर थक्क करणारे आहे.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सॅम्युअल स्टुप यांच्या गटाच्या २०२० मधील चार पायांच्या जेल-रोबोत (जेल म्हणजे पाणी धरून ठेवणारा मऊ पदार्थ) वजनाने जवळपास ९० टक्के पाणीच आहे. प्रकाश पडताच त्यातील रेणू जलविरोधी, म्हणजे पाण्याला दूर सारणारे होतात, जेल पाणी बाहेर टाकते आणि पाय वाकतात. चालण्याचा वेग मात्र आतील निकेलच्या तंतूंना फिरत्या चुंबकीय क्षेत्रातून मिळतो, म्हणजे श्रेय एकट्या प्रकाशाचे नाही.

पोहण्यातील चपळाईत पाकट सरस असले, तरी त्याच्या जिवंत पेशींना ऊबदार, ग्लुकोजयुक्त द्रावणच लागते. पेशी जगवण्याची ही जबाबदारी जेलला नसल्याने, प्रत्यक्ष उपयोगासाठी मला तोच मार्ग अधिक आश्वासक वाटतो.