डेलोंगी डेडिका : रोजच्या वापरानंतरचं मत

गेल्या गणपतीआधी घेतलेली ही एस्प्रेसो मशीन (दाबाने दाट कॉफी काढणारी) तेव्हापासून रोज सकाळी चालते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. घरी एस्प्रेसो मशीन घ्यायची असेल तर आधी ग्राइंडर, म्हणजे कॉफी दळायचं यंत्र, ठरवा. बजेटचा निदान तिसरा हिस्सा त्याच्यासाठी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत मशीन बसवा. दुकानात कुणी हे सांगत नाही, पण कपातली चव यावरच ठरते.

डेडिका निवडली ती मुख्यतः आकारामुळे. रुंदी जेमतेम १५ सेंटिमीटर, त्यामुळे ओट्यावर मिक्सरच्या शेजारी आरामात मावते. आत पाणी साठवून तापवणारा बॉयलर नाही, पाणी जाता जाता तापवणारा धातूचा ठोकळा म्हणजे थर्मोब्लॉक आहे, म्हणून मिनिटभराच्या आत तापते. सकाळी ऑफिसच्या घाईत याचं मोल कळतं.

जवळपास सगळ्याच घरगुती मशीनच्या खोक्यावर '१५ बार' असं ठळक छापलेलं असतं. त्याला भुलू नका. बार हे दाबाचं माप, आणि १५ ही पंपाची ताकद झाली, एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब पुरतो. तो दाब तयार होतो कॉफी किती बारीक दळली आहे आणि किती घट्ट दाबली आहे त्यावरून. मशीनसोबत येणारी बास्केट (दळलेली कॉफी भरायची छिद्रांची वाटी) दुहेरी तळाची असते. पाणी शेवटी एका बारीक छिद्रातून बाहेर पडतं, त्यामुळे विकतच्या पुडीवरही भरपूर फेस येतो. तो दिसतो छान, पण क्रेमा, म्हणजे खऱ्या एस्प्रेसोवरचा तपकिरी दाट थर, नव्हे, आणि चव सपक राहते. ५१ मिलिमीटरची एकेरी तळाची बास्केट वेगळी विकत मिळते, ती जरूर घ्या.

मात्र ती लावली की मिक्सरवर दळलेली कॉफी चालत नाही. त्यात काही कण रव्याएवढे जाड राहतात, काहींचं पीठ होतं. मग पाणी जाड कणांमधून वाट काढून पळतं आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागतं. मी कॉनिकल बरचा, म्हणजे शंकूच्या आकाराच्या दात्यांचा, हातग्राइंडर घेतला. घेताना एवढंच पाहिलं, की त्याची सेटिंग एस्प्रेसोसाठी पुरेशी बारीक-बारीक टप्प्यांनी बदलते का. १४ ग्रॅम बिया दळायला मिनिटभर लागतं, हात थोडा भरून येतो. दळण जमलं की बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद काहीच होत नाही. मग काळपट थेंब, मग मधासारखी सलग बारीक धार. धार फिकट पडू लागली की थांबवायचं. २५-३० सेकंदांत २८ ग्रॅमच्या आसपास उतरलं तर शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, बरोबर आला. वजनाचा छोटा काटा हवाच, अंदाजपंचे जमत नाही.

पावसाळ्यात हवा दमट झाली की कालच्याच सेटिंगवर धार वेगळी पडते, एखादी क्लिक इकडेतिकडे करावी लागते. बिया चिकमगळूर किंवा कूर्गच्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या आणते. थोडा रोबस्टा (कॉफीची कडक चवीची जात) मिसळलेलं ब्लेंड दुधातल्या कॉफीला फार छान लागतं. इटलीवाले आपला रोबस्टा उगाच नेत नाहीत!

पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे क्षार थर्मोब्लॉकमध्ये साचतात. मी आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळते, कारण निव्वळ आरओच्या पाण्याने चव मिळमिळीत होते. डिस्केलिंगचा, म्हणजे साचलेले क्षार काढायचा, दिवा लागला की त्याच आठवड्यात ते उरकते.

दुधाचं म्हणाल तर आपल्याकडचं तापवलेलं दूधही चालतं, पण फ्रीजमधलं थंडगार आणि साय गाळून घेतलेलं हवं. सायीचा कण वाफेच्या नळीच्या तोंडात अडकतो. ६०-६५ अंशांना थांबावं. भांडं हाताला धरवेनासं झालं की समजायचं. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची आणि वाफ एकदा सोडायची.

घरात चार-पाच जण एकदम कॅपुचिनो मागणारे असतील तर मात्र या वर्गातली मशीन घेऊ नका. वाफ काढल्यावर थर्मोब्लॉक शॉटसाठी जास्तच तापलेला असतो, पुढच्या कपाआधी पाणी सोडून तो थंड करावा लागतो. मी पाहुणे आले की आधी सगळ्यांचे शॉट काढून घेते आणि दूध शेवटी एकदमच करते. तुमच्याकडे रोजच असा राबता असेल तर थोडं थांबून, पैसे साठवून दोन बॉयलरवाली मशीन पाहा.