नुसता नंबर की पायाचे माप?

साताऱ्यात यवतेश्वरचा घाट धावणाऱ्यांपुढे बूट घेण्याचे दोन मार्ग असतात: नेहमीचा नंबर टाकून ऑनलाइन मागवणे, किंवा दुकानात उभे राहून दोन्ही पाय मोजून घेणे. पहिला बहुधा स्वस्त पडतो. परंतु नुसत्या नंबरावरून पंजाची रुंदी कळत नाही आणि तोच नंबर कंपनीगणिक लहानमोठा निघतो. माप घेताना मात्र भार पडल्यावर पसरणारा पाय, दोहोंतला मोठा पाय आणि सर्वांत लांब बोटापुढची सुमारे १ सेंटिमीटर मोकळी जागा, हे सारे पाहिले जाते. ही जागा नसेल तर घाट उतरताना बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात. (माप शक्यतो संध्याकाळी द्यावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात.) मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर पहिला मार्ग धरूच नये, बूट चावल्याचे त्यांना जखम होईपर्यंत कळत नाही.