सात महिने इन्स्ट्रक्टर नोट्स लिहिल्या, त्याचा अनुभव

जुलैपासून आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सॉफ्टवेअर कार्पेंट्रीचा (संशोधकांना कॉम्प्युटरचं मूलभूत काम शिकवणारा प्रकल्प) युनिक्स शेलचा, म्हणजे कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवायचा, लेसन शिकवून राहिलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, 1998 मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी हे काम सुरू केलं, लेसन फुकट आहेत, लायसन्स सीसी-बाय, म्हणजे मूळवाल्यांचं नाव देऊन आपल्या हिशोबानं बदलता येते. प्रत्येक लेसनमध्ये शिकवणाऱ्यासाठी वेगळ्या नोट्स असतात. लेसन चांगलाच आहे, त्याबद्दल दुमत नाही, पण मी लिहिणार आहे ते नोट्सबद्दल, कारण आम्ही दोघं मिळून शिकवतो, मी आणि पुसदकडच्या एक मॅडम, आणि आमच्या लॅबसाठीच्या नोट्स लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिले दोन महिने मी ज्या नोट्स लिहिल्या त्या कचरा होत्या. खरंच. "पाइप नीट समजावून सांगा", "विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढवा" असलं काहीतरी. (पाइप म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट दुसरीला देणारी उभी रेघ.) सप्टेंबरात सोयाबीन काढायला मजूर मिळेना म्हणून मी सुट्टी टाकून वावरात, आणि मॅडमचा लॅबमधून फोन, "सर, नीट म्हणजे कसं? पोट्टे माझ्याकडे पाहून रायले." मी धुऱ्यावर उभा, मागं थ्रेशरचा आवाज, काय सांगू?

त्या रात्री ती नोट खोडली आणि हे लिहिलं: रेणूंच्या फोल्डरात सहा पीडीबी फायली (रेणूच्या रचनेच्या मजकूर फायली) आहेत, त्यावर डब्ल्यूसी डॅश एल, म्हणजे ओळी मोजायची कमांड, चालवायच्या आधी, एंटर न दाबता, विचारा की उत्तरात किती ओळी येतील. सगळे सहा म्हणतात. येतात सात, कारण शेवटी टोटलची ओळ असते, 107. मग विचारा सगळ्यात छोटी फाइल कोणती, मिथेन, 9 ओळी, आणि ती नजरेनं न शोधता कशी काढायची. इथून सॉर्ट (क्रम लावणारी कमांड) आणि हेड (वरच्या ओळी दाखवणारी) आपोआप येते, पाइप वेगळा समजवावा लागत नाही. मॅडमनं पुढच्या बॅचला हेच केलं, फोन आला नाही.

तेव्हापासून नियम एकच, क्लासमध्ये जे झालं तेच लिहायचं, आणि त्याच दिवशी, घरी जाऊन जेवल्यावर लिहू म्हटलं की गेलं.

उदाहरण सांगतो. एका पोरीनं एल-एस (फोल्डरातल्या फायलींची यादी दाखवणारी कमांड) टाइप केलं आणि स्क्रीनवर आलं "ते", खाली कमांड नॉट फाउंड. पाच मिनिटं मलेच समजेना. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला होता बाप्पा, त्यात एलच्या बटणावर त आणि एसवर मात्रा! आता नोट आहे: स्क्रीनवर "ते" दिसलं तर विंडोज बटण आणि स्पेस. असली नोट दुसऱ्या देशातल्या माणसाला सुचणारच नाही, अन् सुचावी तरी काऊन?

दुसरी, नुसतं डब्ल्यूसी डॅश एल मारलं, फाइलचं नाव विसरलं, की ते वाट पाहत बसते, पोट्ट्याला वाटते हँग झालं, मग तो खिडकीच बंद करतो. नोट: कंट्रोल सी दाबा. तिसरी, डेटाची झिप आदल्या दिवशीच पेनड्राइव्हवर घ्या, वीस जण एका हॉटस्पॉटवर डाउनलोडला बसले की तास संपला. चौथी, शेवटचा एक्झरसाइज साडेचारच्या आत घ्या, पावणेपाचच्या एसटीनं अर्धा वर्ग जाते. लाल-हिरव्या चिकटचिठ्ठ्या (लाल म्हणजे अडलो, हिरवी म्हणजे झालं) आमच्याकडे मिळाल्या नाहीत, पतंगीचा कागद आणि सेलोटेप, चालते.

लिहायची सोय मात्र लय मस्त आहे. वर्कबेंच म्हणून त्यांची सिस्टीम आहे, त्यात मार्कडाउन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्येच कोलनच्या ओळींमध्ये इन्स्ट्रक्टरचा ब्लॉक टाकायचा, तो विद्यार्थ्याच्या पानावर दिसत नाही, इन्स्ट्रक्टर व्ह्यूमध्ये ज्या ओळीपाशी लिहिला तिथंच दिसतो. आधी मी सगळं एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायचो, शिकवता शिकवता ती कोण उघडते? एक ध्यानात ठेवा, रेपॉझिटरी (लेसनच्या फायली ठेवायची ऑनलाइन जागा) पब्लिक असली तर ब्लॉक कोणीही वाचू शकते, म्हणून कोणत्या पोराला काय जमलं नाही ते नावानिशी लिहू नका. मी एकदा लिहिलं होतं, मॅडमनं वेळेवर पकडलं.

लांबी? तीन ओळींच्या वर गेली की मॅडम वाचत नाहीत, आणि खरं सांगू, मीपण नाही.

एक नोट अजून जमली नाही. सापेक्ष पाथ, म्हणजे आपण आहो त्या फोल्डरापासूनचा पत्ता, दोन टिंबांवाला, दोन टिंबं म्हणजे एक फोल्डर वर. गावातल्या गल्लीचं उदाहरण लिहिलं, घराच्या खोल्यांचं लिहिलं, दोन्ही वेळा पोट्टे मान हलवतात आणि पुढच्याच कमांडला अडकतात. कोणाकडं काही चाललेलं असेल तर टाका.

आणि पीडब्ल्यूडी कमांड (आपण कोणत्या फोल्डरात आहो ते सांगणारी) आली की "हे रस्तेवालं खातं नाही" असा जोक करा, वर्ग हसते, अशी एक नोट मी फार कौतुकानं टाकली होती. मागच्या आठवड्यात उघडली तर खाली मॅडमची ओळ: "तीन बॅच झाल्या, कोणी हसलं नाही. काढू का?"