लक्झेंबर्ग की एस्टोनिया? ऑफर स्वीकारण्याआधी

आयटीतल्या मुलामुलींना युरोप म्हटलं की जर्मनी, नेदरलँड्स आठवतात. पण लक्झेंबर्ग आणि एस्टोनिया या चिमुकल्या देशांतूनही नोकऱ्या निघतात. दोन्हीकडे युरो, दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. राहणीमान मात्र अगदी वेगळं.

पगाराचा आकडा लक्झेंबर्गचाच मोठा. शिवाय महागाई ठराविक टप्प्यापर्यंत चढली की सगळ्यांचे पगार कायद्यानेच अडीच टक्क्यांनी वाढतात. 2020 पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा सेकंड क्लास देशभर फुकट आहे. हे सगळं खरं, पण घरभाडं त्यातला मोठा घास घेतं. ऑफिसात गेल्यावर कोणीतरी सांगतंच, ‘जर्मनीत ट्रिअरला राहा, स्वस्त पडतं.’ रोज दोन लाखांहून जास्त लोक सीमेपलीकडून कामाला येतात, पण त्यांतले बहुतेक युरोपीय नागरिक असतात. भारतीय पासपोर्टवर लक्झेंबर्गचा परवाना म्हणजे जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये घर करण्याचा हक्क नव्हे. त्यामुळे हिशेब मांडताना लक्झेंबर्गमधलंच भाडं धरा.

एस्टोनियात पगार कमी, पण भाडंही बरंच कमी. आयकराचा दर 2025 पासून सरसकट 22 टक्के. सरकारी कामं जवळपास सगळी ऑनलाइन होतात. ओळखपत्राला दोन पिन मिळतात, एक लॉगिनला आणि दुसरा सहीला. भाडेकरारावर घरबसल्या सही करता येते, कराचा फॉर्म आधीच भरलेला येतो. सरकारी खिडकीवर अर्धा दिवस घालवलेल्या माणसाला याचं मोल कळेल. ई-रेसिडेन्सीच्या जाहिरातीला मात्र भुलू नका. तिने कंपनी काढता येते, तिथे राहता येत नाही.

एस्टोनियाची राजधानी टॅलिन, तिथला हिवाळा गांभीर्याने घ्या. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. अंधारात चालताना कोटाला चमकणारा रिफ्लेक्टर लावणं कायद्याने बंधनकारक आहे, यावरूनच काय ते समजा.

खरा फरक कुटुंब सोबत असताना जाणवतो. टॅलिनमध्ये आयटीवाल्याचं इंग्रजीवर भागतं, पण पाच वर्षांनी कायम वास्तव्य हवं असेल तर बी1 म्हणजे मध्यम पातळीची एस्टोनियन भाषा लागते, आणि ती अवघड आहे. शाळाही 2024 पासून टप्प्याटप्प्याने पूर्णपणे एस्टोनियन माध्यमाकडे वळत आहेत. लक्झेंबर्गमध्ये दुकानात, दवाखान्यात फ्रेंच लागतं. पण काही सरकारी शाळांत इंग्रजी शाखा आहे, तीही मोफत. नागरिकत्वासाठी तिथे पाच वर्षं आणि लक्झेंबर्गिशची परीक्षा, एस्टोनियात आठ वर्षं. भारतीय पासपोर्ट दोन्हीकडे सोडावाच लागेल.

माझं मत सांगते: एकट्याने जाणार असाल, स्टार्टअपमध्ये शिकायची हौस असेल तर टॅलिन. मुलं असतील आणि जोडीदार फ्रेंच शिकायला मनापासून तयार असेल तर लक्झेंबर्ग. तिथे जाणार असाल तर सुरुवातीचं घर कंपनी देते का, हे एचआरकडून लेखी घ्या; कारण पहिल्या महिन्यात भाड्यासोबत दोन महिन्यांपर्यंतची अनामत आणि एजंटची अर्धी फी तुमच्याच खिशातून जाते.