38,500 रुपयांना वेग विकत घेतला

लिहायला लाज वाटते, कारण मी अडाणी नाही. कोल्हापुरात आमचं औषधांचं होलसेल आहे, बिलिंगचं सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिलंय, डेटाबेस पोस्टग्रेस. तरीही ट्यूनिंगच्या, म्हणजे डेटाबेसचा वेग वाढवून देण्याच्या, नावाखाली एकानं मला व्यवस्थित टोपी घातली.

महिनाअखेरीला सहा काउंटरवर एकदम बिलं सुरू झाली की सिस्टिम रडायची. अण्णा रोज जेवताना सुनवायचे, "हातानं केली असती तर एव्हाना झाली असती बिलं." हे महिनोन्‌महिने ऐकल्यावर माणूस कोणालाही फोन करतो. ओळखीतल्या एकानं नंबर दिला. 38,500 ठरले, 15,000 आधी आणि 23,500 काम दाखवल्यावर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "सर, मग 18 टक्के वर लागतील." 6,930 वाचले म्हणून मीच खूश.

रविवारी आला. चाळीस मिनिटं बसला. पीजीबेंच, म्हणजे पोस्टग्रेसचा वेग मोजायचं साधन, चालवून दाखवलं, एकच क्लायंट (एकच काउंटर चालू असल्यासारखं): आधी सेकंदाला 94 व्यवहार, नंतर 2,870. मी तिथल्या तिथे उरलेले पैसे पाठवले.

कळायला हवं होतं ते इथे. सर्व्हरमध्ये 7,200 आरपीएमची साधी हार्ड डिस्क. मिनिटाला 7,200 फेरे म्हणजे सेकंदाला 120. प्रत्येक कमिट (व्यवहार पक्का करणं) खरोखर डिस्कवर लिहून मगच 'झालं' म्हणायचं असेल, तर एकट्या क्लायंटला साधारण फेऱ्यामागे एक कमिट मिळतं. आधीचे 94 प्रामाणिक होते. 2,870 होणारच नाहीत, कोणीतरी खोटं बोलल्याशिवाय. हे गणित मला येतं हो! पण आकडा बघून डोकं बंद पडलं. आणखी एक. आमच्या कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा प्रत्येक बिलाला लुकलुकायचा. सोमवारपासून तो बराच वेळ विझलेलाच असायचा, मग एकदम लांब पेटायचा. पोरगा म्हणालासुद्धा, "दादा, दिवा गेला काय हो?" मी हसलो.

त्यानं केलं एवढंच: एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर गेल्याची खात्री) ऑफ, फुल पेज राइट्स (पान अर्धवट लिहिलं गेलं तर सावरायला बदलांच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, डेटाचं अख्खं पान ठेवणं) ऑफ. मशीनला 16 जीबी रॅम, आणि शेअर्ड बफर्स (डेटाबेस डेटा हाताशी ठेवायला वापरतो ती रॅम) मूळचे 128 एमबीच. म्हणजे जे खरं ट्यूनिंग, त्याला हातसुद्धा लावला नव्हता. शिवाय रोज रात्रीचं बॅकअप "लोड येतो" म्हणून रविवारवर ढकललं. मी मान डोलावली.

शुक्रवारी संध्याकाळी लाईट गेली, यूपीएसनं दोन मिनिटांत दम तोडला. परत चालू केलं तर: पॅनिक, कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड. म्हणजे कुठून सावरायचं ती नोंदच सापडेना. शेवटची दोनचार बिलं गेली असती तर रडलो नसतो. पण एफसिंक नसला की लॉग आधी आणि पान नंतर हा क्रमच उरत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम वाटेल तेव्हा वाटेल ते लिहिते. आठ केबीचं पान अर्धं नवं, अर्धं जुनं. त्याला फोन केला, तर "रिकव्हरीचे 12,000." तेही पाठवले! त्यानं पीजी रीसेटवॅल (लॉग पुसून सर्व्हर जबरदस्तीनं उठवायचं साधन) मारायला सांगितलं. सर्व्हर उठला, पण एका बॅचचा स्टॉक दोनदा, काही बिलं बिनओळींची. नंतर फोन बंद. एकूण 50,500. वर तीन पोरं नऊ दिवस, 600 रुपये रोज, 1,143 बिलं कार्बन कॉपीवरून पुन्हा टाकायला: 16,200.

घाई होतीच, तर सिंक्रोनस कमिट ऑफ करायचं होतं, म्हणजे लॉग डिस्कवर जायची वाट न बघता 'झालं' म्हणायचं. त्यात डीफॉल्ट सेटिंगला फार तर अर्ध्यापाऊण सेकंदाची बिलं जातात, डेटाबेस सडत नाही. तो सौदा मला विचारून केला असता, तर मी कदाचित हो म्हटलं असतं.

पोलीस ठाण्यात हवालदारसाहेबांनी विचारलं, "चोरीला काय गेलं?" म्हटलं, डेटा. "मग मशीन आहे ना जागेवर?" पासवर्ड कोणी दिला? मी. पैसे कोणी पाठवले? मी. पक्कं बिल? तिथे ते 6,930 आठवले. 420 म्हणायची आपली सवय, आता ते न्याय संहितेचं 318, पण कलम कुठलंही असो, "हे दिवाणी आहे, वकील बघा." सायबरवाल्यांनी अर्ज घेतला, पोच दिली नाही, तीन चकरांनंतर अर्जच सापडेना. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर ऐकलं की धंद्यासाठी घेतलेली सेवा बसत नाही. पोटासाठी स्वतः चालवतो त्याला कायद्यात सूट आहे म्हटलं, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "सहा काउंटर आहेत ना तुमचे?" पुढे जेवणाची सुट्टी.

कोणी ट्यूनिंग करून दिलं की पैसे देण्याआधी 'शो एफसिंक' टाइप करा, दोन शब्द आहेत, उत्तर 'ऑन' हवं. कॉन्फिगची जुनी फाइल पेनड्राइव्हवर ठेवा आणि नवीशी ओळ न्‌ ओळ ताडून बघा. बॅकअपला हात लावणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि बिल घ्या रे बाबांनो, 18 टक्के देऊन घ्या.

परवा मेहुण्याच्या फोनवर त्या ट्यूनिंगवाल्याचं स्टेटस दिसलं. 94 वरून 2,870, माझ्याच सर्व्हरचा स्क्रीनशॉट. खाली लिहिलंय, 'आणखी एक समाधानी ग्राहक'.