‘८४ टक्के सूट’ की ‘५८ टक्के सूट’: मेंबरशिप घेताना कुठली जाहिरात जास्त फसवते?

एकाच ॲपचे तीन प्लॅन शेजारी शेजारी मांडून बघू. आकडे मी बसवलेले आहेत, पण बाजारात साधारण याच धाटणीचे प्लॅन दिसतात. पहिला साधा, महिन्याला २९९ रुपये. दुसऱ्यावर ठळक अक्षरात ‘८४ टक्के सूट! पहिले तीन महिने दरमहा फक्त ४९ रुपये’, त्यानंतर महिन्याला २९९. तिसऱ्यावर ‘५८ टक्के सूट, वर्षाला १,४९९’. आता कुठला प्लॅन किती महिने ठेवला तर एकूण किती रुपये जातात ते पाहा.

| प्लॅन | ३ महिने | ५ महिने | ७ महिने | १२ महिने |
|---|---|---|---|---|
| साधा मासिक | ८९७ | १,४९५ | २,०९३ | ३,५८८ |
| ‘८४ टक्के सूट’ | १४७ | ७४५ | १,३४३ | २,८३८ |
| ‘५८ टक्के सूट’ | १,४९९ | १,४९९ | १,४९९ | १,४९९ |

८४ टक्क्यांचा दावा खोटा म्हणता येणार नाही. पहिल्या तीन महिन्यांपुरता तो खरा आहे. पण वर्षभर तिथेच राहिलात तर हातात पडते ती २१ टक्के सूट. ५८ टक्केवाला प्लॅन मात्र वर्षभर वापरला तर खरोखरच ५८ टक्क्यांनी स्वस्त पडतो. म्हणजे मोठा आकडा लहान सुटीवर लावलाय आणि लहान आकडा मोठ्या सुटीवर. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

गंमत म्हणजे सात महिन्यांच्या आत बाहेर पडणाऱ्याला दुसराच प्लॅन सगळ्यात स्वस्त आहे. कंपनीलाही हे ठाऊक असतं. तिचा हिशेब बाहेर पडणाऱ्यांवर बेतलेला नसतो, विसरणाऱ्यांवर असतो. चौथ्या महिन्यात ४९ चे २९९ होतात तेव्हा कुणी दार वाजवून सांगायला येत नाही. बँकेचा मेसेज येतो, आणि बँकेचे मेसेज आपण किती वाचतो ते आपल्यालाच माहीत.

वार्षिक प्लॅनही काही धुतल्या तांदळासारखा नसतो. १,४९९ ऐवजी ‘दरमहा फक्त १२५ रुपये’ असं मोठ्याने छापायचं आणि खाली बारीक टायपात ‘वार्षिक आकारणी’ लिहायचं, ही जुनी रीत. मासिक समजून बटण दाबलं की खात्यातून दीड हजार जातात. दुसरी खोच पुढच्या वर्षाची. १,४९९ हा दर कायमचा आहे की ‘पहिल्या वर्षासाठी’? तो शब्द असेल तर पुढच्या वर्षी काय दर लागेल ते आधी शोधा. सापडत नसेल तर पूर्ण दर लागणार असं धरूनच निर्णय घ्या.

यावर माझा एक सोपा उपाय आहे: जाहिरात सोडा, पैसे देतानाचा पडदा वाचा. यूपीआय ऑटोपेला, म्हणजे पैसे आपोआप कापायला, मंजुरी देताना आज कापली जाणारी रक्कम दिसते, आणि बऱ्याचदा तिच्याजवळच ‘जास्तीत जास्त इतक्या रुपयांपर्यंत’ असा एक वेगळा आकडा असतो. आज १ रुपया आणि कमाल मर्यादा १,९९९ असं दिसलं, तर पुढे कुठवर कापू शकतात याला तुम्ही पिन टाकून होकार देताय. जाहिरातीत लपवलेला आकडा इथे उघडा पडतो, कारण हा पडदा पेमेंट ॲपचा असतो, विकणाऱ्याचा नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आपोआप कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. सबस्क्रिप्शनची १५,००० रुपयांपर्यंतची कपात मात्र दर वेळी ओटीपी न विचारता होऊ शकते. ही मर्यादा २०२२ मध्ये ५,००० वरून वाढवली. मेंबरशिप बंद करायचं बटण ॲपमध्ये सापडत नसेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगीच रद्द करता येते. खुशाल करा.

जिमचा मामला वेगळा. तिथे ऑटोपे सहसा नसतो, पैसे एकरकमी आधीच घेतात. बोर्डावर ‘२४,००० फक्त १२,०००, वर तीन महिने फ्री’ असं असतं. काउंटरवरचा मुलगा कॅल्क्युलेटर पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘सर, आज क्लोज करत असाल तर मॅनेजरशी बोलून अजून एक महिना ॲड करतो, उद्याचं सांगता येत नाही.’ उद्या गेलात तरी तोच महिना मिळतो, हे त्यालाही माहीत असतं. या बोर्डावरची अर्धी सूट हवेत आहे, कारण २४,००० रुपये भरलेला माणूस त्या जिममध्ये शोधूनही सापडायचा नाही. खोडलेला आकडा म्हणजे किंमत नव्हे. तुलना करायची तर तिमाही दराशी करा. तिमाही ४,५०० असेल तर दोन तिमाह्यांचे ९,००० होतात. सहा महिन्यांत सोडलंत तर ‘अर्ध्या किमतीतलं’ वर्ष ३,००० रुपयांनी महाग पडलं. नऊ महिने टिकलात तर मात्र तिमाहीने १३,५०० गेले असते, म्हणजे वार्षिक जिंकतं. तेव्हा स्वतःविषयी खरं बोला, टक्के राहू द्या. मी नव्या माणसाला पहिल्यांदा तिमाहीच घ्यायला सांगेन, महाग दिसली तरी. आणि हो, जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झालाय. ‘प्लस टॅक्स’ म्हणून जुनाच हिशेब पुढे केला तर बिल मागा.

या सगळ्यांत मला जहाल वाटते ती हॉलिडे मेंबरशिप, म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांच्या रिसॉर्टमधल्या मुक्कामाचे पैसे आधीच भरणं. मॉलमध्ये कूपन भरून घेतात, मग फोन येतो, तुमचा नंबर लागलाय, गिफ्ट न्यायला जोडीने या. तिथे दोन-तीन तासांचं प्रेझेंटेशन, शेवटी ‘आजच सही केलीत तर एवढे हजार माफ’. सूट मेंबरशिपच्या रकमेवर असते. वर्षाकाठी भरावा लागणारा मेंटेनन्स या सवलतीत धरलेला नसतो, आणि तो पंचवीस-पंचवीस वर्षं भरायचा असतो, त्या वर्षी फिरायला जा किंवा जाऊ नका. ॲपमध्ये चूक झाली तर २९९ रुपये जातात, इथे काही लाख. ‘फक्त आज’ हे शब्द ऐकले की उठून निघावं, गिफ्ट राहिलं तरी चालेल.

फूड डिलिव्हरीच्या मेंबरशिपबद्दल थोडक्यात: ‘फ्री डिलिव्हरी’ ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरला आणि ठरावीक अंतरातच असते, प्लॅटफॉर्म फी वेगळी. आठवड्याला दोनदा मागवत असाल तर परवडते, एरवी नाही.

आपल्या मासिकांची वार्षिक वर्गणी याउलट. सवलत दोन ओळींत लिहिलेली, सोबत दिवाळी अंक, वर्ष संपलं की वर्गणीही संपते. पुन्हा हवी असेल तर तुम्ही पैसे पाठवायचे. सूट कदाचित दहा-पंधरा टक्केच असेल, पण जेवढी लिहिली तेवढीच मिळते.

मग कायद्याच्या भाषेत ही फसवणूक ठरते का? सगळीच नाही. ८४ टक्के छापणं गुन्हा नाही. पुढचा दर दडवणं आणि बाहेर पडायची वाट अवघड करणं हे गैर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्यांविरुद्धची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत खोटी घाई लावणं, टप्प्याटप्प्याने किंमत वाढवत नेणं आणि सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणं हे तिन्ही नावानिशी आहेत. २०२२ च्या जाहिरातविषयक तत्त्वांनुसार अट ही दाव्याच्याच भाषेत द्यावी लागते. म्हणजे मराठीत ‘५० टक्के सूट’ असं भलंमोठं होर्डिंग आणि तळाला इंग्रजीत मुंगीएवढ्या अटी, हे चालत नाही. चौकाचौकांत चालू आहे, ती गोष्ट निराळी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

अमेरिकेत रक्कम मोठी असते. प्राइम मेंबरशिपमध्ये लोकांना न कळत ओढलं आणि रद्द करणं अवघड ठेवलं, या आरोपावरचा ॲमेझॉनविरुद्धचा खटला फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०२५ मध्ये २५० कोटी डॉलरवर मिटवला. त्यातले १५० कोटी ग्राहकांना परत द्यायचे ठरले. कंपनीने चूक कबूल केली नाही.

आपल्याकडे तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन करण्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मंजुरीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट आणि कपातीचा मेसेज हाताशी ठेवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे भरतानाच काढून ठेवलेला बरा, कारण ऑफर संपली की ते पान बदललेलं असतं.