मायोर्कात रोड सायकल: ऑक्टोबर ते मे

कामानिमित्त ऑक्टोबर ते मे मायोर्काची राजधानी पाल्मा इथे मुक्काम होता आणि सुट्टी मिळाली की सायकल बाहेर काढायची, हा नेमच झाला होता. भूमध्य समुद्रातलं हे स्पॅनिश बेट युरोपातल्या रोड सायकलवाल्यांचं माहेरघर आहे. थंडीत व्यावसायिक संघांची सराव शिबिरं इथे भरतात, आणि जानेवारीच्या अखेरीस होणाऱ्या इथल्या शर्यती युरोपच्या हंगामातल्या अगदी पहिल्या शर्यतींमध्ये मोडतात. आठवडाभरासाठी येणारे बहुतेक जण तीन-चार नावाजलेले घाट उरकून परततात. ते घाट उत्तमच आहेत. मला मात्र या बेटाचा लळा लागला तो मधल्या, फारशा कुणाच्या यादीत नसलेल्या रस्त्यांमुळे.

आधी भूगोल. वायव्य किनाऱ्याला लागून सेर्रा दे त्रामुन्ताना ही डोंगररांग, मध्ये 'एस प्ला' हा सपाट शेतीचा भाग, आणि पूर्वेला पुन्हा टेकड्या. डोंगराच्या कडेकडेने आंद्राचपासून पोयेन्सापर्यंत 'एमए-१०' हा सुमारे ११० किलोमीटरचा रस्ता जातो. सायकलवर बसून डावीकडे समुद्र हवा असेल तर आंद्राचहून ईशान्येकडे निघावं. एस्तेयेन्क्स, बान्यालबुफार, पुढे वायदेमोसा आणि देया अशी गावं एकामागून एक येतात. बान्यालबुफारला उतारावर समुद्रापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे आणि तिच्या ताली चुन्या-सिमेंटशिवाय नुसत्या दगडावर दगड बसवून रचलेल्या, आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या. माणसाने डोंगरावर केलेल्या या कामामुळेच २०११ साली युनेस्कोने त्रामुन्तानाला जागतिक वारसा सांस्कृतिक भूदृश्य म्हणून मान्यता दिली. मोटारीतून हे दगडकाम झरझर मागे जातं. चढावर ताशी दहाच्या वेगात असलो की एकेक दगड दिसतो, आणि कुठली ताल अलीकडे डागडुजी केलेली आहे तेही कळतं.

आता सा कालोब्रा. अभियंता अंतोनियो पारिएत्ती यांनी आखलेला हा रस्ता १९३२ साली झाला. समुद्रापासून कोल देल्स रेइस या ६८२ मीटरच्या खिंडीपर्यंत साडेनऊ किलोमीटरच्या आसपास चढ, सरासरी सात टक्के. एका ठिकाणी रस्ता पूर्ण गिरकी घेऊन स्वतःच्याच पुलाखालून जातो. डोंगराला बोगदे न पाडता चढ सौम्य ठेवायचा म्हणून पारिएत्तींनी वळणांवर वळणं घातली, आणि त्यामुळे लय एकदा सापडली की शेवटपर्यंत टिकते. सिंहगड ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांनी या घाटाची धास्ती घेण्याचं काहीच कारण नाही. इथे दमछाक होते ती वेगळ्या कारणाने. खाली जायला रस्ता हा एकच, म्हणजे आधी उतरायचं आणि मग तेच सगळं चढायचं. सकाळी अकराच्या सुमारास पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या येऊ लागतात आणि आखूड वळणांवर त्या वळताना सायकलला पाय टेकावाच लागतो. म्हणून लवकर जा, खाली जास्त रेंगाळू नका. उतारावर शेळ्यांकडे लक्ष असू द्या, त्या रस्त्याच्या मधोमध उन्हाला बसलेल्या असतात.

सोयेरहून पुच माजोरचा चढ याहून लांब, १४ किलोमीटरचा. बेटावरचं ते सर्वांत उंच शिखर, पण माथा लष्कराच्या ताब्यात असल्याने रस्ता खालच्या बोगद्यातून पलीकडे जातो. पुढचा-मागचा दिवा हवाच. पलीकडे कूबेर आणि गोर्ग ब्लाउ हे दोन जलाशय लागतात. सलग चढ आवडणाऱ्यांना हा घाट सा कालोब्रापेक्षा भावेल. मला तरी भावला.

सोयेरला पाल्माहून जायचं तर बोगदा आहे, पण त्यात सायकलींना मनाई. हे सायकलवाल्यांच्या पथ्यावरच पडलं आहे. मोटारी सगळ्या बोगद्यातून जातात आणि वरचा जुना कोल दे सोयेरचा घाट, ४९७ मीटरचा, जवळपास रिकामा राहतो. वळणं इतकी दाट की वरून पाहिलं तर खाली रस्त्याचे चार-पाच पदर एकाखाली एक दिसतात. संध्याकाळी काम संपल्यावर पाल्माहून निघून हा घाट चढून परत येता येतं. एवढ्या मोठ्या शहराच्या इतक्या जवळ असा रस्ता असणं ही केवढी चैन आहे!

माझा सगळ्यात आवडता रस्ता मात्र बुन्योलाहून ओरियेनला जाणारा. कोल दोनोरचा चढ झाडीतून जातो, वर पोहोचलं की डोंगरांच्या कुशीतली छोटीशी खोरी उघडते, आणि ओरियेन म्हणजे मूठभर घरांचं गाव. पुढे रस्ता आलारोकडे उतरतो. फेब्रुवारीत खालच्या भागात बदाम फुललेले असतात, पांढरे आणि फिकट गुलाबी. आलारोहून सांता मारिया, मग सिनेउ, पेत्रा अशी एस प्लाची वाट धरली की दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या दगडी भिंती आणि जेमतेम एक मोटार जाईल एवढा डांबरी रस्ता. अशा रस्त्यांचं जाळंच आहे. चौकाचौकांत सायकलचं चित्र असलेल्या पाट्या, त्यावर पुढच्या गावाचं नाव आणि अंतर. जीपीएस न बघताही दिवसभर फिरता येतं. पेत्रा हे कॅलिफोर्नियात मिशन वसवणाऱ्या हुनीपेरो सेर्राचं जन्मगाव, पण तिथल्या चौकात गर्दी असते ती सायकलवाल्यांचीच.

सपाट भाग म्हणजे सोपा, असं मात्र नाही. वारा. दुपारकडे समुद्रावरून आत वारा वाहू लागतो, आणि थंडीत उत्तरेचा 'त्रामुन्ताना' सुटला की सपाटीवरही घाट चढल्याइतका जोर लागतो. सवयीने मी वाऱ्याविरुद्ध आधी जायला लागले, म्हणजे परतीला पाठीवर वारा. अंगातला दम संपलाच तर इन्का, सिनेउ किंवा मानाकोरहून पाल्माची रेल्वे आहे आणि डब्यात जागा असेल तर सायकलही घेतात.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती. पुण्याच्या आसपास सायकल चालवणाऱ्यांना मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून अंग आक्रसून घ्यायची सवय असते. इथे ती सवय सुटायला काही आठवडे लागले. स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. दोघांनी शेजारीशेजारी चालवायला मुभा आहे. गट चौकातल्या गोल चक्रात शिरला की अख्खा गट हे एकच वाहन मानलं जातं. एकदा इन्काजवळ आमचा दहा-बाराजणांचा घोळका चक्रात शिरला तेव्हा उजवीकडून आलेला मालट्रक थांबला आणि शेवटचा सायकलवाला पुढे जाईपर्यंत थांबून राहिला. हॉर्न नाही, पुढे रेटणं नाही. घाटात मोटार मागे असते, पुढचा रस्ता दिसेपर्यंत मागेच असते. सगळेच चालक असे नाहीत, भाड्याच्या गाडीतले पर्यटक अधूनमधून खेटून जातात. पण रस्त्यावर आपली जागा हक्काची आहे ही खात्री मिळाली की डोंगर बघायला डोकं मोकळं होतं. आपल्याकडे घाटरस्ते कमी सुंदर नाहीत. ताम्हिणी, वरंध यांच्याइतकं हिरवं तर इथे काहीच नाही. आपल्याकडे वानवा आहे ती या दीड मीटरची, आणि ती भरून काढण्यासाठी नवे डोंगर लागत नाहीत. तुमच्याकडूनही अपेक्षा असते: गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं, कानात इअरफोन चालत नाही.

सायकल भाड्याने घेताना तीन गोष्टी पाहा. ब्रेक: इथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे बहुधा उजव्या. उतारावर हाताच्या सवयीचा घोटाळा होऊ नये म्हणून दुकानात आधीच विचारा, बरेचजण अदलाबदल करून देतात. गिअर: मागे ३२ किंवा ३४ दात्यांचं चाक मागा, घाटात गुडघे दुवा देतील. टायर: एका दुकानाने मला झिजलेला मागचा टायर दिला होता, तो मी तिथेच बदलून घेतला. ओल्या दिवशी इथलं घासून गुळगुळीत झालेलं डांबर फार निसरडं होतं, त्यामुळे यात भिडस्तपणा नको. पेडल आपले न्यावेत. रहदारी उजवीकडून, हे सांगायला नकोच, तरी पहिले दोन दिवस गोल चक्रात मनाशी घोकावं.

खाण्याचं सांगते, कारण शाकाहारी मंडळींना प्रश्न पडतोच. कॅफेत दिसणारी गोल वेटोळ्याची एन्साइमादा डुकराच्या चरबीत करतात, तेव्हा विचारून घ्या. पाव, ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो असा 'पा आंब ओली' चीज घालून मागवला की पोट भरतं. भाज्या पसरून भाजलेली कोका दे त्राम्पो हीदेखील चालेल, पण तिच्या पिठातही चरबी असू शकते, तेव्हा विचारून घ्या. अंडं चालत असेल तर बदामाचा केक, गातो, जरूर. सोयेरमध्ये संत्र्याचा ताजा रस प्यावाच, आजूबाजूला बागाच बागा आहेत. युकच्या मठाजवळ कोल दे सा बातायाला पेट्रोल पंपाचा कॅफे आहे. काइमारीहून वर आलेला प्रत्येकजण तिथे टेकतो आणि सायकली लावायला जागा शोधावी लागते.

केव्हा जावं? फेब्रुवारी सुंदर पण बोचरा, डोंगरात हातमोजे आणि वाऱ्याचं जॅकेट लागतंच. मार्च आणि एप्रिल सर्वांत गजबजलेले. एप्रिलच्या अखेरीस 'मायोर्का ३१२' ही मोठी राईड असते, त्या आठवड्यात हॉटेलं भरतात आणि भाव चढतात. ऑक्टोबरमध्ये समुद्र अजून कोमट, पण पाऊस अचानक कोसळतो. माझं मत विचाराल तर मेचा पहिला पंधरवडा.

बेटाच्या उत्तरेकडच्या फोर्मेंतोरच्या टोकाला जायचं तर तोही पारिएत्तींचाच रस्ता, शेवटी १८६३ सालचं दीपगृह. उन्हाळ्यात दिवसा खासगी मोटारींवर निर्बंध असतात, सायकलला रस्ता खुला. तारखा दरवर्षी तपासून घ्या. बाकीच्या महिन्यांत पोर्त दे पोयेन्साहून उजाडताच निघा, एस कोलोमेरच्या कठड्यापर्यंतचा पहिला चढ गाड्या यायच्या आत पार करा. वाटेत बोगदा आहे, दिवा लावा. परतीलाही चढ आहेतच, तेव्हा दोन्ही बाटल्या पोर्तमध्येच भरून घ्या.